दोन वर्षांची खिडकी

आकडा जूनच्या शेवटी येतो.
तार्तूत तेव्हा रात्र अशी होतच नाही,
अकरा वाजताही काचेवर दुधी उजेड,
त्या उजेडात हेल्यु सारापू
चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून वाचते:
शून्य दशांश चार एक दोन.

बत्तीस वर्षांच्या त्रैमासिकाचं
यंदा एवढंच वजन भरलं.

हिशेब सोपा आहे, मंडईतही जमेल.
गेल्या दोन वर्षांत छापलेले लेख चौतीस,
यंदा जगभरात मिळून त्यांचे दाखले दिले गेले चौदा.
चौदाला चौतीसने भागा.
त्याआधीचा लेख कुणी आज उघडला,
आणि त्याचं आयुष्य बदललं,
तर ते बदलणं धरत नाहीत.

त्रैमासिक दगडफुलांचं.
हो, तेच, आपण मसाल्यात भाजतो ते.
तिकडं ते कुणी खात नाही.
तिकडं ते थडग्यांवर, शेतांच्या गडग्यांवर,
चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर
कुणाकडे काही न मागता चिकटून असतं,
वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही.
त्याला सांगून बघा, पी हळद नि हो गोरी.

मार्गुस मंत्रालयाचं पत्र घेऊन येतो.
अर्ध्याच्या खाली असलेल्यांचं अनुदान बंद.
पोरगा वाईट नाही. त्याला नोकरी हवी आहे,
आणि हिला हे त्रैमासिक.
"बाई," तो दाराकडे बघत म्हणतो,
"लेख स्वीकारताना एक ओळ घालायची फक्त.
आपल्याच अंकांतले तीन लेख कुठंतरी खपवा म्हणून.
जुने नकोत, ताजे.
एकानं जरी ऐकलं असतं ना यंदा,
तर सतरा. बरोब्बर अर्धा."

हेल्यु काहीच बोलत नाही.
खालचा खण ओढते, तो नेहमीसारखा अडकतो.

आत त्यांचा सगळ्यांत गाजलेला लेख.
गंधकाच्या मोजणीत विल्लेमची दशांशाची चूक झाली होती,
एकसष्ट जणांनी लिहिलं, हे चूक आहे.
एकसष्ट दाखले.
शिव्या मोजताना ओव्यांच्याच मापानं मोजतात.

त्याखाली लेईदा मेत्साल्लूचा, नऊ पानांचा.
सारेमा बेटावरची शाळामास्तरीण,
सुट्टीत गुडघे टेकून दफनभूमी पालथी घातलेली.
आजवरचे दाखले: शून्य.

पण मागच्या हेमंतात बसनं एक पाथरवट आला होता, आर्वो.
खिशात त्याच नऊ पानांची छायाप्रत,
आठ घड्यांची, घड्यांवर ग्रीसचे डाग.
विचारलं, "यात लिहिलंय, तारेच्या ब्रशनं घासू नका.
अकरा वर्षं मी घासत नाही.
गिऱ्हाइकं रागावतात, पांढरा दगड हवा असतो त्यांना.
बरोबर करतोय ना मी?"
हेल्यु म्हणाली, बरोबर.
त्यानं कॉफी संपवली, पाव अर्धा टाकला,
आणि परतीची बस पकडली.
तळटीप कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसावं.

शनिवारी हेल्यु राडीच्या दफनभूमीत.
कुणा बेकरीवाल्याचा दगड, नावाची अर्धी अक्षरं गेलेली,
त्यावरचं एकच करडं वर्तुळ
ती एकोणऐंशीपासून मोजते आहे.
कॅलिपरचा दात जपून टेकवते,
श्वास धरते, वहीत लिहिते.
मागचं पान उलटते, गेल्या खेपेचं, दोन वर्षांपूर्वीचं.
वाढ, शून्य दशांश आठ.
म्हणजे वर्षाला
शून्य दशांश चार.

ती एकटीच मोठ्यानं हसते,
पलीकडे फुलं बदलणारी बाई वळून बघते.

फोन वाजतो. मार्गुस.
"बाई, उत्तर आज जायला हवं. काय लिहू?"

"थांब जरा," ती म्हणते, गुडघा दुसऱ्या बाजूला सरकवत,
"याची आडवी रुंदी राहिली आहे."